बेचाळीस घरं आणि एक चप्पल

कुरंजपाड्यात कचरा नाही ही गोष्ट रूपेश सोनटक्के यांना पहिल्यापासून ठाऊक होती, आणि तशी ती चांगलीच गोष्ट होती. ती अडचणीची आहे हे त्यांना एप्रिलमधल्या एका सकाळी कळलं, आणि त्यानंतरचा महिनाभर त्यांना दुसरं काहीच नीट कळेनासं झालं.

सोनटक्के त्या गावचे ग्रामसेवक. म्हणजे आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी असं भारदस्त नाव मिळालं आहे आणि सोनटक्क्यांनी तशी पाटीही करून घेतली आहे. पण गावात त्यांना सगळे भाऊसाहेबच म्हणतात, आणि पाटीच्या खिळ्याला कुणीतरी दुधीचं बी वाळत टांगलेलं असतं. राहायला ते जव्हारला. रोज मोटरसायकलवरून मोखाड्याच्या बाजूला घाट उतरायचा, नदीकाठच्या या बेचाळीस घरांच्या पाड्यात यायचं आणि संध्याकाळी परत जायचं. बारा वर्षं हे चाललं होतं आणि त्यात त्यांचं कुणाशी वाकडं आलं नव्हतं.

त्या सकाळी तालुक्याच्या कार्यालयातून मोबाईलवर एक फॉर्म आला. प्रत्येक घरातून रोज ओला कचरा किती निघतो आणि सुका किती, ते वजन करून भरायचं होतं. पंधरा दिवसांनी समिती येणार, कचऱ्याची शेड बघणार, पाण्याचा नमुना घेणार आणि गावाला कार्ड देणार. हिरवं मिळालं तर प्रश्नच नाही. लाल मिळालं तर पाण्याची जागा बंद, तिथे 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी, आणि बायांनी हंडे घेऊन टँकर येतो त्या डांबरी रस्त्यापर्यंत चढायचं. हा चढ सोनटक्के मोटरसायकलने चढत असत तेव्हा मोटरसायकलसुद्धा कुरकुर करायची.

इथे पाण्याची जागा म्हणजे काय ते सांगायला हवं. उन्हाळ्यात नदी आटून डोहापुरती उरते. तेव्हा बाया नदीच्या वाळूत हातभर खड्डा उकरतात आणि त्यात वाळूतून गाळून पाणी झिरपतं. हा झिरा. पहिलं पाणी उपसून टाकायचं, दुसरंही टाकायचं, तिसरं नितळ येतं ते वाटीवाटीने हंड्यात भरायचं. झिऱ्याची राखण हिराबाईकडे होती. सत्तरीची बाई. चप्पल घालून झिऱ्याजवळ आलेल्या कुणालाही, तो कोण आहे याची चौकशी न करता, ती परत पाठवायची. एकदा एका आमदाराच्या माणसालाही पाठवलं होतं. सोनटक्के स्वतः तेच पाणी प्यायचे आणि बाटली भरून घरीही न्यायचे. फॉर्मची हकीकत ऐकल्यावर हिराबाईने एवढंच विचारलं, "माझे झिऱ्याला काय करणार नाय ना ते?"

"मी आहे ना," सोनटक्के म्हणाले. हे वाक्य पुढे त्यांना पुष्कळदा आठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणवाडीतून लेकरांचं वजन करायचा लटकता काटा, त्याच्या झोळीसकट, मागून आणला आणि पहिलं घर हिराबाईचं घेतलं.

"कचरा म्हंजे काय काय धरायचा?" हिराबाईने विचारलं.

"जे नको असतं ते. आपण टाकून देतो ते."

हिराबाई आत जाऊन बघून आली. "नको असा तं काय नाय."

सोनटक्के हसले. सर्वेक्षणाला लोक सहजासहजी उत्तरं देत नाहीत हे त्यांना प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. चुलीतली राख? ती भांडी घासायला, उरली तर नाचणीच्या रोपाला. भाजीची सालं? ती शेळी उभी होती तिथेच, प्रश्न कळल्यासारखी बघत. फाटकी लुगडी? त्यांची गोधडी. पालापाचोळा? तो पेरणीआधी जमीन भाजायला लागतो, उलट कमीच पडतो. मग प्लॅस्टिक तरी? तर हिराबाईच्या सुनेने, धाकलीने, आढ्याकडे बोट केलं. तेलाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, कापून, त्यांत बियाण्याची पुरचुंडी बांधून ओळीने टांगलेली होती.

"नको ते म्हंता ना भाऊसाहेब," धाकली म्हणाली, "तं आमचे घरात एक हाय. सांजंला पिऊन येतो. बसवू का झोळीत?"

त्या प्रकाराला फॉर्ममध्ये रकाना नाही, असं सोनटक्क्यांनी गंभीरपणे सांगितलं.

बेचाळीस घरं हिंडून झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि झोळीत एक वस्तू होती. लाडक्या नावाच्या गड्याची डाव्या पायातली रबरी चप्पल, अंगठा तुटलेली, वजन एकशे साठ ग्रॅम. सोनटक्क्यांनी ती सुक्या कचऱ्यात नोंदवली. गाडी सुरू करणार तोच लाडक्या धावत आला. चप्पल परत पाहिजे होती. दाराच्या बिजागरीला रबर लागणार होतं, हे त्याला आत्ताच सुचलं होतं. सोनटक्क्यांनी नोंद खोडली आणि ओला शून्य, सुका शून्य असं भरलं. फॉर्मने ते घेतलं नाही. लाल अक्षरांत लिहून आलं: कृपया शून्यापेक्षा मोठी संख्या भरा.

त्यांनी कार्यालयात मुकेशला फोन लावला. हा मुकेश सगळ्या तालुक्याचे ऑनलाइन फॉर्म सांभाळायचा आणि त्यामुळे साहेबलोकही त्याच्याशी जरा जपूनच बोलायचे.

"शून्य घेत नाही ते," मुकेश म्हणाला. "शून्य म्हणजे तुम्ही गेलाच नाहीत असं त्याला वाटतं."

"अरे, मी घरोघर जाऊन आलोय. पाय सोलवटलेत माझे."

"मला पटतंय हो साहेब. त्याला पटलं पाहिजे. आणि शेडचे फोटो राहिलेत तुमचे. हिरवा डबा ओल्याने भरलेला, निळा सुक्याने भरलेला. रिकाम्या शेडला गुण नाहीत."

आता शेड होती. नदीच्या अगदी काठावर होती, कारण अख्ख्या गावात सपाट सरकारी जागा तेवढीच. चार लोखंडी खांब, वर पत्रे. तिच्यात दुपारी वासरं बांधलेली असायची आणि लाडक्या झोपलेला असायचा. डबेही घरोघर वाटलेले होते. पण हिराबाईच्या हिरव्या डब्यात नाचणीचं बी होतं. "झाकण चांगला बसतो," ती म्हणाली, "उंदीर शिरत नाय." घरोघर तेच. उंदरांच्या दृष्टीने ही योजना शंभर टक्के यशस्वी झाली होती.

सोनटक्के डोकं धरून ग्रामपंचायतीत बसले. आपण लहानपणापासून शून्य कचरा हे ध्येय म्हणून ऐकत आलो, भिंतींवर रंगवून घेतलं, आणि आता ते गाठलं तर कुणी घ्यायला तयार नाही, हे कसं काय?  घाट चढताना त्यांनी निर्णय घेतला की कचरा जव्हारहून आणायचा. दोन गोण्या. समिती बघून गेली की परत न्यायच्या. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

घरी हर्षदाताईंनी ते ऐकलं आणि पोळपाट बाजूला ठेवला. बारा वर्षांत नवऱ्याने घरातल्या कचऱ्याची चौकशी केलेली ही पहिली वेळ होती.

"आपल्या घरचा कचरा लोकांना दाखवायला नेणार? समितीच्या मॅडम बघणार? काय म्हणतील, सोनटक्क्यांकडे काय खातात, कसं राहतात."

"त्यावर नाव असतं का आपलं?"

"नाव नसलं म्हणून काय झालं? माझं मला कळेल ना."

शेवटी त्या तयार झाल्या, पण त्यांनी कचरा निवडून दिला. जुन्या चिंध्या काढून ठेवल्या आणि दिवाळीत आलेला सुक्या मेव्याचा खोका, मिठाईची चांदीच्या कागदाची पेटी, नव्या मिक्सरचं थर्माकोल असं जरा बरं दिसेल ते भरलं. एका घरातून हे एवढं निघालं तरी दुसरी गोणी रिकामीच होती, म्हणून सोनटक्के शेजारी कुतुबुद्दीनभाईंकडे गेले. कुतुबुद्दीनभाईंचं बाजारात प्लॅस्टिकच्या सामानाचं दुकान, आणि गल्लीत कुणालाही अडचण आली की आधी त्यांच्याच ओट्यावर जायची पद्धत.

"कचरा पाहिजे," सोनटक्के म्हणाले.

"पाहिजे? म्हणजे टाकायला का ठेवायला?"

"दाखवायला."

 कुतुबुद्दीनभाईंनी आधी सोनटक्क्यांना बसवलं आणि आत पाणी सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "थर्माकोल घेऊन जा साहेब, दुकानात ढीग पडलाय. वजन काही नाही आणि भरल्यासारखं लगेच दिसतं." त्यांच्या बायकोने, अमीरबींनी, आतून दुधाच्या पिशव्या आणल्या. त्या त्यांनी धुऊन, पुसून, चौकोनी घड्या घालून आणल्या होत्या, कारण दुसऱ्याच्या गावी घाण कशी पाठवायची. तो कचरा इतका स्वच्छ होता की कचरा वाटेना. सोनटक्क्यांनी त्यांची पाठ वळल्यावर त्यात घरची चहापत्ती आणि अंड्यांची टरफलं मिसळली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर गॅलरीतून हे सगळं बघत होते. त्यांनी न विचारता सल्ला दिला. "गोणीत भरून कशाला नेताय? आपण सगळे टाकतो तसं मागच्या भिंतीवरून ओहळात टाका. आपोआप जातो खाली, कुठल्या ना कुठल्या गावाला पोचतोच." यावर सगळी गल्ली हसली. सोनटक्केही हसले.

इकडे कुरंजपाड्यात वेगळाच विचार चालला होता. सरकारचा माणूस लेकरांच्या काट्यावर काहीतरी तोलत फिरला, म्हणजे त्याला काहीतरी अर्थ होता. अंगणवाडीत लेकरू जास्त भरलं की ताई खूश. भात जास्त भरला की बरं. सरकारने तोललेली कुठलीही वस्तू जास्त भरली आणि त्यात नुकसान झालं, असं गावात कुणाला आठवत नव्हतं. वर भाऊसाहेब बेचाळीस घरं हिंडून रिकाम्या झोळीने गेले होते. दारी आलेला माणूस असा गेला याचं हिराबाईला फार वाईट वाटलं. तिने लाडक्याला सांगितलं, बाजारच्या दिवशी जव्हारला जाशील तेव्हा भाऊसाहेबाला लागतो तो कचरा घेऊन ये.

त्यामुळे सोनटक्के मोटरसायकलवर दोन गोण्या बांधून शेडपाशी पोचले, तेव्हा तिथे तिसरी गोणी उभी होती. शेंगदाण्याची फोलपटं, उसाची चिपाडं, पेपर कप, गुटख्याच्या पुड्या, नासके टोमॅटो. भोवती गाव उभं होतं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर आपण कामाला आल्याचा आनंद होता.

"पुरंल ना?" लाडक्याने विचारलं. "नायतर पुढचे बाजारी अजून आणू. लय पडलेला असतो तिथं. कोणी राखणीला पण नाय."

सोनटक्क्यांनी सगळ्यांचे आभार मानले. नाचणी ओतून घेऊन दोन डबे रिकामे केले, ते कचऱ्याने भरले, फोटो काढले, वजन भरलं. फॉर्मने ते विनातक्रार घेतलं. मग त्यांनी गाव गोळा करून सांगितलं, "मॅडम येतील. कचरा कुणाचा असं विचारलं तर काय म्हणायचं? आमचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. हे काही अवघड नव्हतं.

समिती शुक्रवारी येणार होती. ती सोमवारी येणार असं शुक्रवारी कळलं. सोमवारी गाडी नव्हती. मग मॅडमना प्रशिक्षण लागलं. एकदा तर समिती फाट्यापर्यंत येऊन, दुसऱ्याच पाड्याला जाऊन, तिथली शेड बघून परत गेली. दर वेळी मुकेश फोनवर सांगायचा, "उद्या नक्की." आणि उद्या नक्की असल्यामुळे कचरा परत नेता येत नव्हता. तो बारा दिवस तिथेच राहिला.

कचरा नुसता ठेवला की तो काय काय करतो, याचा कुरंजपाड्याला अनुभव नव्हता. तो वास मारू लागला. शेळ्यांनी हिरवा डबा पाडला. आजूबाजूच्या गावांतली कुत्री, जी एरवी इकडे फिरकत नसत, ती मुक्कामाला आली. दुपारच्या वावटळीत थर्माकोलचा भुगा उडाला आणि दुधाच्या पिशव्या नदीत उतरल्या. एका सकाळी हिराबाई वाटी घेऊन झिऱ्यावर गेली, तर त्यात चहापत्ती तरंगत होती आणि कडेने पांढरे दाणे लागले होते.  ती फावडं घेऊन वीस पावलं वर गेली आणि दुसरा झिरा उकरला. पहिलं पाणी टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं भरलं.

सोनटक्के आले तेव्हा त्यांना जुन्या जागी नुसता घाणीचा खड्डा दिसला. 

"हिराबाई, झिरा कुठे गेला?"

"सरकवला."

"असा सरकवता येतो?"

"दर वरसाला सरकतो. नदी सरकते, मंग तो एकला काय करंल?"

हे बरोबर होतं, पण फॉर्ममध्ये पाण्याची जागा फोटोसकट टिपलेली होती आणि ती जुन्या खड्ड्याची होती. त्यांनी मुकेशला विचारलं, जागा बदलता येईल का. मुकेश म्हणाला, येईल, पण समितीने जागेवर बघून मंजूर करावी लागते, आणि समिती उद्या नक्की येते आहे. या वेळी ती खरंच आली.

समितीच्या प्रमुख प्रमिला मॅडम साध्या आणि कामाच्या बाई होत्या. त्यांनी शेड बघितली, हिरव्यात ओला आणि निळ्यात सुका बघितला, आणि म्हणाल्या, "इतकी भरलेली शेड मी तालुक्यात पाहिली नाही." सोनटक्क्यांना क्षणभर बरं वाटलं. मग मॅडम नदीत उतरल्या. त्यांच्यासोबत आलेला मुकेश फोन समोर धरून चालत होता. तो जुन्या खड्ड्याच्या काठावर थांबला आणि म्हणाला, "ही बघा मॅडम, बरोब्बर इथेच."

मॅडमनी खड्ड्यात बघितलं. खड्ड्यात दुधाची पिशवी होती, अंड्याची टरफलं होती आणि एक पेपर कप होता.

"हे पाणी लोक पितात?"

"हितला नाय," हिराबाई म्हणाली. "वरचा."

"वरचा म्हणजे तो वीस पावलांवरचा? आजी, तोही नदीतच आहे ना. जे गाव इथे कचरा टाकतं ते उद्या तिथेही टाकणार." मॅडम गावाकडे वळल्या. "हा कचरा कुणाचा आहे?"

"आमचा," गाव एका सुरात म्हणालं.

"हे थर्माकोल?"

"माझा हाय," लाडक्या म्हणाला.

"आणि हा बदामाचा खोका?"

"आमचे घरचा," धाकली म्हणाली. "रोज खातो आमी."

मॅडमनी हे सगळं लिहून घेतलं. त्या चिडल्या नव्हत्या, पण त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. त्या मुकेशला म्हणाल्या, "लाल कार्ड. दोन्ही जागा बंद करा, पाटी लावून घ्या."

हिराबाईला कार्ड कळलं नाही, पण 'बंद' कळलं. ती मॅडमशी वाद घालायला गेली नाही. तिने फक्त सोनटक्क्यांकडे बघितलं, आणि तसंच बघत राहिली. बारा वर्षांच्या नोकरीत सोनटक्क्यांकडे अनेकांनी रागाने बघितलं होतं आणि त्यांनी ते सहन केलं होतं. ही बाई रागाने बघत नव्हती. आता भाऊसाहेब काहीतरी बोलतील, एवढीच ती वाट बघत होती. सोनटक्क्यांना लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

"मॅडम," ते म्हणाले, "हा कचरा गावाचा नाही. माझा आहे."

मॅडम त्यांच्याकडे कौतुकाने बघू लागल्या. "तुमच्या भावना मी समजू शकते. गावासाठी असा अधिकारी दोष अंगावर घेतो, हे दुर्मिळ आहे. पण मला खरं ते लिहावं लागेल."

"खरंच माझा आहे. घरून आणलाय. जव्हारहून."

"गावात इतका कचरा असताना घरून कशाला आणेल कुणी?"

या प्रश्नाचं सरळ उत्तर होतं, पण ते बोलून दाखवल्यावर त्यांचं त्यांनाच पटेना. फॉर्म शून्य घेत नव्हता, काटा, झोळी, चप्पल, असं ते सांगत गेले आणि मॅडमच्या चेहऱ्यावरचं कौतुक काळजीत बदलत गेलं. अर्धा कचरा आम्ही बाजारातून आणला, असं लाडक्याही खरं बोलून बसला, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. शेवटी मॅडम म्हणाल्या, "काही पुरावा आहे?"

आणि मग सर्व गावासमोर, समितीसमोर, ग्रामपंचायत अधिकारी रूपेश सोनटक्के पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कचऱ्यात उतरले. माणूस निर्दोष असल्याचा पुरावा शोधतो. हे गुन्हा आपलाच असल्याचा शोधत होते, आणि तो सापडत नव्हता. त्यांनी निळा डबा पालथा केला. थर्माकोल उचकलं. कचऱ्यावर आपलं नाव असतं का, असं त्यांनीच बायकोला विचारलं होतं, आणि आता ते असावं म्हणून ते देवाची करुणा भाकत होते. बऱ्याच वेळाने, नदीतल्या जुन्या खड्ड्याच्या तळाशी, दुधाच्या पिशवीखाली एक कुरिअरचं पाकीट मिळालं. त्यांनी ते वर काढलं, आणि मग ते पुन्हा खाली ठेवावं की काय असा त्यांचा चेहरा झाला. पण मॅडमनी हात पुढे केला होता.

मॅडमनी मोठ्याने वाचलं. "रूपेश सोनटक्के, जव्हार. आतील वस्तू: केसवाढीचे आयुर्वेदिक तेल, दोन बाटल्या."

गावाने भाऊसाहेबांच्या डोक्याकडे बघितलं. ऊन कडक होतं आणि सगळं स्पष्ट दिसत होतं. मुकेशने हळूच विचारलं, "गुण आला का साहेब?" 

पुरावा मिळाल्यावर मॅडमचं काम सोपं झालं. त्यांनी मुकेशला फॉर्म पुन्हा उघडायला लावला. त्यात एक रकाना होता: गावात कचरा निर्माण करणारी कुटुंबे. तिथे बेचाळीस होते. मुकेशने ते खोडून एक केलं.

"आणि बाजाराचं काय धरू?"

"बाजाराला कुटुंब धरता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "एकच राहू दे. घ्या पत्ता, जव्हारचा."

सगळ्यांनी श्वास धरून फोनकडे बघितलं. फॉर्मने जरा वेळ विचार केला आणि हिरवी खूण दाखवली. शून्य न घेणाऱ्या फॉर्मला एक ताबडतोब पटला.

मॅडमनी वरच्या झिऱ्याची जागा मंजूर केली. तिथे जाताना त्यांनी हिराबाईने सांगायच्या आधीच चप्पल काढली, आणि नमुन्याची बाटली भरून घेतली. अट एकच घातली, की सगळा कचरा आज, त्यांच्यासमोर, आला तिथे परत गेला पाहिजे. गाव कामाला लागलं. बाया नदीत उतरून पांढरे दाणे वेचत होत्या, भात निवडावा तसे एकेक. संध्याकाळपर्यंत तिन्ही गोण्या भरल्या आणि दोन खेपांत न्यायचं ठरलं. पहिल्या गोणीचं तोंड बांधायला सुतळी नव्हती. लाडक्या घरी जाऊन आला. त्याने बिजागरीतून उरलेल्या चपलेची रबरी पट्टी कापून आणली आणि तिने तोंड करकचून आवळलं. गावातला एकमेव कचरा अशा रीतीने सोनटक्क्यांचा कचरा बांधायला उपयोगी पडला.

ते गाडीवर बसले तेव्हा हिराबाई जवळ आली. तिने त्यांची बाटली भरून आणली होती. ती त्यांच्या हातात दिली आणि गोणीकडे बघत तिने विचारलं, "एक सांगा भाऊसाहेब. नको होता, तं घरात आणलाच कशाला?"

ती टोमणा मारत नव्हती, तिला खरोखरच प्रश्न पडला होता. सोनटक्के घाटभर उत्तर शोधत गेले. मिक्सर पाहिजे होता, थर्माकोल नको होतं. तेल पाहिजे होतं, पाकीट नको होतं. तसं बघितलं तर तेलही.

दोन दिवसांनी मुकेशचा फोन आला. नमुन्याच्या बाटलीतलं पाणी दूषित असेल तर काळं पडतं, हे पडलं नाही. कार्ड हिरवं. सोनटक्क्यांनी फोन ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी चष्मा पुसून लपवलं.

"आता तरी त्या गोण्या हलवा," हर्षदाताई म्हणाल्या. दोन दिवस गोण्या गॅलरीत उभ्या होत्या. "गावाला दिलेलं परत आणतं का कुणी? टाकून या जा."

सोनटक्के सवयीने पहिली गोणी घेऊन मागच्या भिंतीपाशी गेले आणि ती वर उचलली. भिंतीपलीकडे ओहळ होता. गल्लीभरचा बारा वर्षांचा माल त्यात पडला होता, आणि त्यातून बारीक धार वाट काढत उताराला लागली होती. लाडक्याच्या चपलेची पट्टी त्यांच्या मनगटाला घासत होती. त्यांनी गोणी खाली ठेवली. तेवढ्यात कुतुबुद्दीनभाई त्यांची रोजची पिशवी घेऊन आले.

"टाका ना साहेब. थांबलात का?"

"भाई, हा ओहळ जातो कुठे?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे," कुतुबुद्दीनभाई म्हणाले आणि त्यांनी हात पुढे करून दाखवायला सुरुवात केली, आधी शाळेकडे, मग घाटाखालच्या दरीकडे, मग हात तसाच राहिला. त्यांनी वर उचललेली पिशवी सावकाश खाली घेतली.

मग ते दोघं आपापला कचरा हातात धरून भिंतीपाशी उभे राहिले. बराच वेळ झाला तेव्हा घरातून हर्षदाताईंची हाक आली, चहा निवतोय, लवकर टाकून या. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.